सर्जरी सुटली, आता मानसोपचार?

प्रश्न : मी नाशिकमध्ये एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आल्यापासून सर्जनच व्हायचं होतं. मानसोपचाराच्या पोस्टिंगनंतर, म्हणजे त्या विभागात प्रत्यक्ष पेशंट बघत शिकल्यावर, मन तिकडे ओढतंय. बाबा म्हणतात, ही धरसोड आहे. काय करू?
– एक विद्यार्थिनी, इंदिरानगर

उत्तर : अगं, मी स्वतः भूलतज्ज्ञ. पहिल्या वर्षी मला हा विषय असतो हेच नीट माहीत नव्हतं! बाबांना सांग, धरसोड करायला आधी काही धरलेलं असावं लागतं. तू अजून शाखा घेतलेलीच नाहीस.

पण एका पोस्टिंगवर भुलू नकोस. तिथे तुला निवडक, बोलकी केस दाखवतात. रोजचं काम बघायचं तर सरांच्या नव्हे, रेसिडेंटच्या, म्हणजे तिथे पीजी करणाऱ्या डॉक्टरच्या, मागे राहा. मधुमेही पायाचं ड्रेसिंग सोडताना जो वास येतो, तो सोसून तुला आतली जखम बघावीशी वाटते का? की लिथियमचा (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या रक्तातल्या पातळीचा) रिपोर्ट हातात घेऊन, गोळ्या बंद केलेल्या पेशंटच्या आईशी तेच बोलणं पाचव्यांदा करायला जास्त आवडतं? कंटाळवाणं काम कुठलं झेपतं, ते बघ. ऑपरेशन थिएटरची झिंग सगळ्यांनाच येते.

इंटर्नशिपमध्ये सर्जरीला सहा आठवडे मिळतात, मानसोपचाराला जेमतेम दोनच. म्हणून आत्ताच, सुट्टीत, विभागप्रमुखांना विचारून ओपीडीत बसायला लाग. अभ्यासाचं म्हणशील तर नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, दोन्ही शाखांसाठी एकच आहे. शाखा भरायची ती रँक लागल्यावर.