संकल्प मोडल्यानंतरचा दुसरा दिवस

सोलापुरात जानेवारीत भरणारी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते: 'एक जानेवारीला ठरवले आणि संक्रांतीपर्यंत सगळे सुटले. माझ्यात जिद्दच नाही का?' या प्रश्नाचे उत्तर मी एका प्रकरणाच्या आधारे देत आहे. संबंधित गृहस्थांनी त्यास परवानगी दिली आहे आणि ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाळिशीतले असून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहेत. रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्यांनी वहीत पाच संकल्प लिहिले होते: पहाटे पाचला उठणे, तासभर चालणे, बिनसाखरेचा चहा, रात्री दहानंतर मोबाइल बंद आणि दरमहा बचत. सुरुवात उत्तम झाली. मग यात्रेसाठी पाहुणे आले, होम मैदानावरून परतायला रात्री उशीर झाला, पहाटेची जाग हुकली आणि चालणे बुडाले. त्या सकाळी चहात साखर घालताना त्यांच्या मनात आले, की चालणे गेलेच आहे, तर चहा तरी कशाला सांभाळायचा? दोन दिवसांत वही कपाटात गेली. "मॅडम, दर वर्षी हेच व्हायलंय. माझा स्वभावच तसला आहे बघा," असे ते म्हणाले.

मला त्या चहापाशी थांबावेसे वाटले. पहाटेची झोप आणि चहातील साखर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. त्यांना जोडले ते 'मी असाच आहे' या निकालाने. व्यसनमुक्तीवर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी हेच दाखवून दिले होते, की एकदा पाय घसरणे आणि पुन्हा पूर्णपणे जुन्या सवयीकडे परत फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी घडते ती बहुधा माणूस त्या घसरण्याचा काय अर्थ लावतो त्यामुळे. माझ्या अनुभवात संकल्प चुकलेल्या दिवशी क्वचितच मोडतो. तो मोडतो त्यानंतरच्या दिवशी, स्वतःला बोल लावता लावता.

त्यांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "पण यांचा सोमवार मात्र कधी चुकत नाही." दर सोमवारी कामावरून परतताना हे गृहस्थ सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात, हा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. 2020 मध्ये मंदिरे बंद होती, तेव्हा काय केले, असे मी विचारले. घरूनच हात जोडले, आणि मंदिर उघडले त्या आठवड्यापासून पुन्हा जाऊ लागलो, असे ते म्हणाले. इतके महिने खंड पडला म्हणून आपली श्रद्धाच संपली असे वाटले का, या प्रश्नावर ते चटकन म्हणाले, "तसं कसं वाटंल?" ज्या माणसाला स्वतःमध्ये सातत्य दिसत नव्हते, त्याचे सातत्य त्याच्याच आठवड्यात होते. त्यासाठी वार ठरलेला होता, वाट ठरलेली होती, आणि खंड पडला तरी तो स्वभावावरचा ठपका ठरत नव्हता.

आम्ही पाचपैकी एकच संकल्प ठेवला, चालण्याचा, आणि तोही वीस मिनिटांचा. कृती केव्हा आणि कुठे करायची हे आधीच नेमके ठरवले, तर ती घडण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. त्यानुसार ठरले, की मुलीला शाळेच्या रिक्षात बसवले की घरात न परतता तिथूनच चालायला निघायचे. चुकलेल्या दिवसाचीही तरतूद आधीच केली: महिनाअखेरीच्या हिशेबामुळे सकाळ गेली, तर रात्री जेवणानंतर गल्लीत दहा मिनिटे, तेही जमले नाही, तर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच वीस मिनिटे. भरपाई म्हणून दुप्पट चालायचे नाही, यावर मी फार आग्रही होते, कारण दंड म्हणून केलेली गोष्ट मनाला लवकर नकोशी होते.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, असे त्यांनी ऐकले होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात मात्र सरासरी 66 दिवस लागल्याचे दिसले, आणि व्यक्तीनुसार हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. एखादी संधी हुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेवर विशेष परिणाम होत नाही, हा त्याच अभ्यासाचा निष्कर्ष मला आकड्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

उन्हाळ्याच्या सुटीत चालणे पुन्हा थांबले. शाळा बंद झाल्याने रिक्षा येत नव्हती, म्हणजे चालण्याची आठवण करून देणारा प्रसंगच नाहीसा झाला होता. शिवाय पारा चाळिशीपार गेलेला असताना ऊन वर आल्यावर चालणे शहाणपणाचे नव्हते. या वेळी मात्र ते स्वतःला दोष न देता, "सकाळचं काहीतरी दुसरं ठरवू या," असे म्हणत आले. सहाला दूध आणायला जाणे आणि लांबच्या वाटेने परतणे, असा पर्याय त्यांनीच सुचवला.

प्रत्येक न जमलेल्या संकल्पामागे सवयीचाच प्रश्न असतो असे नाही. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांना भेटायला हवे. 14416 या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर शासनाची मोफत मदतही मिळते.

श्रावणात त्यांनी बचतीचा संकल्प पुन्हा पुढे आणला. त्याला रोजच्या निर्धाराची गरज नव्हती, म्हणून पगार जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत आपोआप वळती होईल, अशी सूचना त्यांनी बँकेत देऊन ठेवली. बिनसाखरेचा चहा दिवाळीनंतर बघू, असे आम्ही ठरवले आहे.