पाला ताजा की नुसता ओला?

प्रश्न : ताई, मुलीच्या हट्टापायी हल्ली घरी सॅलडसाठी आइसबर्ग आणि रोमेन लेट्यूस येतं. गाडीवर सगळेच गड्डे हिरवेगार दिसतात आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये मलूल, तपकिरी ठिपक्यांचे. ताजं ओळखायचं कसं? मलूल झालेलं टाकूनच द्यायचं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हिरवेपणाकडे बघूच नका. दिवसभर पाणी मारलेला पाला संध्याकाळीही टवटवीत दिसतो. गड्डा उलटा करा आणि बूड पाहा. कापलेली जागा पांढरट, ओलसर हवी. तांबूस झाक आली असेल तर आजच्या आज खायला चालेल. काळपट, वाळकी असेल तर पुढच्या गाडीवर जा. मात्र हुशार भाजीवाला बुडाची पातळ चकती काढून ते पुन्हा गोरं करतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. बाहेरच्या पानाची जाड मधली शीर वाकवा, ती कट्‌कन मोडली पाहिजे. नुसतीच दुमडली तर पान शिळं. मग पान बुडाला जिथे जुळतं तिथे बोट घाला. बुळबुळीत लागलं की गड्डा आतून सडायला लागलाय. भाजीवाला कुरकुर करतो, करू दे.

आइसबर्ग आकाराच्या मानाने जड हवा, पण दाबल्यावर किंचित दबणारा. दगडासारखा टणक गड्डा जून असतो, मी तो घेत नाही. रोमेनच्या मधून दांडा वर सरकलेला दिसला तर तेही नको. झाड फुलोऱ्याकडे निघालं की पानं कडू होतात.

ठिपक्यांचं म्हणाल, तर सफरचंद आणि केळी शेजारी ठेवता का ते पाहा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने लेट्यूसच्या शिरांवर तपकिरी डाग पडतात. फ्रिजच्या मागच्या भिंतीलाही गड्डा टेकवू नका, तिथे पानं गोठून काचेसारखी होतात.

मलूल म्हणजे नासलेलं नव्हे, फक्त पाणी कमी झालेलं. पानं सुटी करून अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, बरीचशी उठून बसतात. रोमेन नाहीच उठलं तर लसणाच्या फोडणीवर मिनिटभर परता, छान लागतं. शिजवलेला आइसबर्ग मात्र मला घशाखाली उतरत नाही. चिकट झालेली पानं कशानेच सुधारत नाहीत, ती खतात टाका.

प्रश्न : आमच्याकडे लेट्यूस महाग आणि शिळंच मिळतं. आपल्या पालेभाज्या कच्च्या चालतील का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अहो, लातूरकरांनी हे विचारावं? घोळाणा करा की! कोवळी मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचे शेंडे, वर शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल. मीठ अगदी ताटात वाढताना, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो. मेथीची जुडी घेताना देठाला नख लावा, सहज तुटला तर कोवळी. कळ्या-शेंगा दिसल्या तर ती जुडी भाजीला ठेवा. हरभऱ्याचा आंबटपणा पानांवरच्या बारीक लवेवर असतो, म्हणून तो पाला खसाखसा धुऊ नका, हलक्या हाताने धुवा. अळू मात्र कच्चं अजिबात नको, घसा धरेल.

प्रश्न : पाला धुऊन ठेवावा की तसाच?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तसाच, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून. खायच्या वेळी मोठ्या पातेल्यात बुडवा आणि पाला वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाला बसलेली माती परत पानांवर येते. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला आणि पंचावर पसरून नीट कोरडा करा, ओल्या पानाला तेल-लिंबू धरत नाही.