फीची सोय झाली, म्हणून दिव्यात घर घ्यावं का?

कळव्याच्या एका ताईंचं पत्र आहे. मिस्टर रबाळ्याच्या एका कंपनीत होते, गेल्या वर्षी वारले. कंपनीने 6 लाखांची मदत दिली. शिवाय कंपनीचा ट्रस्ट मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी वर्षाला 60 हजार देणार आहे. मुलगी पहिल्या वर्षाला, ओबीसी, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. ताईंचा पगार 24 हजार. दीर म्हणतात, फीची काळजी मिटली, आता ते सहा लाख भरून ठाण्याजवळ दिव्यात 32 लाखांचा वन बीएचके घेऊन टाका.

ताई, इतक्यात नको.

भाऊजींचा हेतू चांगलाच असेल, हिशेब मात्र कच्चा आहे. 30 लाखांवरच्या घराला बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. म्हणजे 6 लाख 40 हजार पदरचे घालायचे. मुद्रांक शुल्क बाईच्या नावावर घर असल्याने 7 ऐवजी 6 टक्के धरलं तरी 1 लाख 92 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. झाले 8 लाख 62 हजार. आणि 25 लाख 60 हजारांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता बसतो 22 हजारांच्या वर. तुमच्या पगारावर बँक एवढं कर्ज देणारच नाही, आणि कुणी दिलंच तर घर चालवायचं कशावर? (दिव्यात पुढेमागे घर बघाल तेव्हा ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.)

मला जास्त काळजी त्या 60 हजारांची आहे, कारण सगळा बेत त्यावर उभा आहे. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावी लागते. पण फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. तेव्हा ही रक्कम सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या शिष्यवृत्तीतली की कंपनीच्या वेलफेअरमधली, म्हणजे स्वतःच्या कामगारांसाठीच्या मदतीतली, हे एचआरला सरळ विचारा. शिष्यवृत्ती असेल तर बहुधा दरवर्षी नवा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मार्कांची अट. एखादी केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तरी पुढचं वर्ष अडकू शकतं. वेलफेअर असेल तर सगळं साहेबांच्या मर्जीवर. साहेब बदलले की तोंडी शब्दाला कोण विचारतो? चारही वर्षांचं लेखी पत्र मागा, लेटरहेडवर. यात संकोच कसला!

मुळात फी भरावी लागणार आहे का, तेही बघा. 2024-25 पासून राज्यात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना, कॅपमधून प्रवेश असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. मग ट्रस्टचे पैसे लॅपटॉप, पुस्तकं, लोकलचा पास यांना राहतील.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो: मिस्टरांच्या पीएफचं काय केलंत? कंपनीने मदत आपखुशीने दिली, पण पीएफ तुमच्या हक्काचा आहे. नोकरी वर्षभर सलग असेल तर त्यासोबत ईडीएलआय या पीएफशी जोडलेल्या विम्याचे अडीच ते सात लाख मिळतात. शिवाय पीएफच्याच पेन्शन योजनेतून तुम्हाला विधवा पेन्शन, आणि मुलीला 25 वर्षांची होईपर्यंत त्याच्या पाव हिश्श्याएवढं पेन्शन. मिस्टर ठेकेदाराकडे असले तरी पीएफ कापला जात असेल तर हे सगळं लागू आहे. कंपनीचा चेक मिळाला की लोक इथेच थांबतात, हे मी फार वेळा पाहिलंय. यूएएन (मिस्टरांचा पीएफ नंबर), मृत्यू दाखला आणि बँक पासबुक घेऊन आधी पीएफ ऑफिस गाठा.

तोवर सहा लाखांपैकी चार लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवा. सध्याच्या 7.4 टक्क्यांनी महिन्याला 2,460 च्या आसपास येतील. उरलेले दोन लाख एकाच पावतीत नकोत. पन्नास-पन्नास हजारांच्या चार एफडी करा, अडीनडीला एकच मोडता येईल.

आणि ट्रस्टच्या कागदात ‘दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती घेता येणार नाही’ अशी ओळ सापडली, तर महाडीबीटीचा अर्ज भरण्याआधी मला कळवा. कुठली सोडायची ते फीची पावती समोर ठेवून ठरवू.