“मी पण प्यायलेच होते ना, मॅडम”

समुपदेशनाला आलेल्या किती मुलींच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं असेल! बहुतेक वेळा खाली मान घालून, अगदी निघता निघता. म्हणून ही एक हकीकत सांगते. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.

तिला आणलं होतं आईने, व्यसन सोडवायला. “चोवीस वर्षांची पोरगी रोज रात्री दार लावून पिते हो!” मी मुलीला बाटलीबद्दल काहीच विचारलं नाही. व्यसनाआड काय दडलंय ते आधी बघायचं, ही माझी जुनी पद्धत, आणि तिने मला क्वचितच दगा दिलाय. “झोप कधी लागते?” एवढंच विचारलं.

“प्यायल्यावर. पण तीनला जाग येते.”

दारूने डोळा लागतो, अंमल उतरू लागला की झोप मोडते. मग पहाटेपर्यंत तीच रात्र.

ती रात्र मला चौथ्या भेटीत कळली. मित्राच्या फ्लॅटवर पार्टी, हिला उठताही येत नव्हतं, आणि ऑफिसातलाच एक जण. (२०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले, शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच होता.) “तोही प्यायलेला होता. मग एकट्या त्याला दोष कसा देऊ?”

बाई प्यायली की तो तिचा गुन्हा, पुरुष प्यायला की ती त्याची सबब! संताप आला, पण मी वाद घातला नाही. दुसऱ्याच्या युक्तिवादाने अपराधी भाव जात नाही. आपला विचार आपणच उलटून पाहावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

बऱ्याच भेटींनंतर बोलता बोलता कॉलेजच्या ट्रिपचा विषय निघाला. एका मित्राला फार चढली होती.

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? बूट काढले, कुशीवर वळवलं, उलटी झाली तर म्हणून बादली ठेवली.”

“तू प्यायली नव्हतीस?”

“होते की. मलाही चढलीच होती...”

ती थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “मी बादली ठेवली होती, मॅडम.” आणि रडली. त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच, पूर्ण शुद्धीत.

कायदा मी त्यानंतर सांगितला. आधी तो तिच्या कानांवरून गेला असता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ प्रमाणे, नशेत काय घडतंय हे कळत नसताना दिलेली संमती ही संमतीच नव्हे, मग ती दारू स्वतःहून घेतलेली का असेना. आणि स्वतःहून प्यायलेल्या आरोपीला दारू वाचवत नाही.

नुकतंच असं घडलं असेल, तर सरकारी किंवा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने मोफत उपचार द्यायलाच हवेत. तक्रारीसाठी उपचार अडत नाहीत. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पेयात काही मिसळल्याचा संशय असेल तर रक्त-लघवीचे नमुने लगेच द्या. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि रोज भरपूर पिणारीची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, ते जिवावर बेतू शकतं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे.

तक्रारीचं तिने अजून ठरवलेलं नाही. मी घाई करत नाही. आईला मात्र तिने सगळं सांगितलं. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, “आता तिच्याशी काय बोलू?”

म्हटलं, “काही नको. रात्री तीनला तिच्या खोलीत दिवा दिसला, तर जाऊन शेजारी बसा.”