पुस्तकांच्या ५०,००० नोंदी शोधायला इलॅस्टिकसर्च (शोधासाठीचं वेगळं सॉफ्टवेअर) काढून नुसतं पोस्टग्रेस (डेटाबेस) चालेल का?

चालेल, आणि मी तर काढाच म्हणेन. एवढ्याशा डेटासाठी वेगळा सर्व्हर सांभाळायचा आणि वर दोन्हीकडचा डेटा जुळतोय का याची रोज काळजी करायची, हा नसता व्याप आहे. पोस्टग्रेसमध्ये फुल टेक्स्ट सर्च (मजकुरातले शब्द शोधायची सोय) ८.३ आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून अंगभूत आहे. टीएसव्हेक्टरचा (मजकुरातल्या शोधायच्या शब्दांच्या यादीचा) जनरेटेड, म्हणजे आपोआप भरणारा, कॉलम करा (१२ किंवा पुढची आवृत्ती हवी), त्यावर जिन इंडेक्स (शब्दावरून नोंद पटकन गाठणारी सूची) टाका. नोंद बदलली की शोधही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे त्या बदलासोबतच, अद्ययावत होतो.

खरी अडचण मराठीची आहे. हिंदीचा स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ देणारा भाग) आवृत्ती १४ पासून मिळतो, मराठीचा नाही. त्यामुळे शब्द जसाच्या तसा ठेवणारं ‘सिम्पल’ कॉन्फिगरेशन घ्यावं लागतं आणि ‘पुस्तक’ शोधलं तर ‘पुस्तकात’ सापडत नाही. शब्दाच्या शेवटी कोलन आणि तारांकन देऊन प्रीफिक्स शोध (त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या शब्दांचा) लावला की ते सापडतं. पण ‘पाणी’ला ‘पाण्यात’ तरीही सापडणार नाही, कारण मूळ रूपच बदलतं. मी अशा शब्दांची सामान्यरूपं वेगळ्या टेबलात ठेवून शोधताना ‘किंवा’ने जोडतो. काम किचकट आहे, पण वाचकाला पुस्तक मिळतं.

रँकिंग, म्हणजे निकालांचा क्रम, मात्र साधंच आहे. शब्द एकूण संग्रहात किती दुर्मिळ आहे, हे क्रम लावणारं टीएस_रँक फंक्शन पाहत नाही.