मागील तारखेची सही

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. मी ३२ वर्षांचा असून बडोद्याजवळ पादरा रस्त्यावरील एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये सात वर्षे केमिस्ट म्हणून काम करतो. दीड वर्षापूर्वी आलेले आमचे मॅनेजर कामात हुशार आहेत, परंतु त्यांची जीभ फार तिखट आहे आणि ट्रेनी मुलांसमोरही ते कोणाचा पाणउतारा करतील याचा नेम नसतो. मार्चमध्ये ऑडिटच्या आदल्या दिवशी लक्षात आले की बॅलन्सची, म्हणजे लॅबमधील वजनकाट्याची, रोजची तपासणी दोन दिवस राहून गेली होती. "एटलुं तो चाले," असे म्हणून त्यांनी लॉगबुक माझ्यापुढे ठेवले आणि मी त्या दोन रिकाम्या ओळी मागील तारखा घालून भरल्या. आज मधुमेहाच्या गोळीच्या डिझोल्यूशनमध्ये (ठरलेल्या वेळात गोळीतील किती औषध विरघळते, ती चाचणी) सहापैकी एक गोळी ७७ टक्क्यांवर राहिली. किमान ८० हवे होते. नियमाप्रमाणे दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी सहा गोळ्या लावायला हव्यात. परंतु उद्या चार वाजता ट्रक निघायचा आहे, म्हणून हा रन बाजूला ठेवून नव्या सहा गोळ्यांचा पहिला टप्पाच दाखव, असे त्यांनी सांगितले. मी का-कू करताच ते हळूच म्हणाले, "मार्चच्या त्या दोन ओळी कोणाच्या अक्षरात आहेत, ते लक्षात आहे ना?" वडील निवृत्त शिक्षक आहेत; ते म्हणतात, उद्याच राजीनामा दे, आणि दाखला देतात तो मल्हारराव गायकवाडांच्या दरबारी जमेना तेव्हा दिवाणपद सोडून गेलेल्या दादाभाई नौरोजींचा. पत्नी म्हणते, घराचा हप्ता कोण भरणार? मी काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तुमचा ई-मेल गुरुवारी रात्री आला आणि शुक्रवारी सकाळी कंपनीची बस येण्यापूर्वी आपण फोनवर बोललो. त्या घाईत जे सांगायचे राहिले, ते तुमच्या संमतीने येथे सविस्तर लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या दिवशी तुम्ही पहिला रन होता तसा नोंदवून दुसरा टप्पा लावलात, बॅच नियमात बसली आणि साहेबांनी तेव्हापासून तुमच्याशी बोलणे टाकले, हे तुम्ही नंतर कळवलेत. ते वाचून मला मनापासून समाधान वाटले.

त्या टप्प्याविषयी या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. पहिल्या टप्प्यात एखादी गोळी थोडी कमी विरघळली, म्हणजे बॅच नापास झाली असे नसते. तुमच्या गोळीची ठरलेली मर्यादा ७५ टक्के असल्यामुळे पहिल्या सहांपैकी प्रत्येक गोळीने त्याहून पाच अधिक, म्हणजे ८०, गाठावे लागते. तसे न झाल्यास आणखी सहा घेऊन बाराही गोळ्यांची सरासरी ७५ किंवा अधिक आहे आणि एकही ६० च्या खाली नाही, एवढे पाहायचे असते. तेथेही न बसल्यास आणखी बारा गोळ्यांचा तिसरा टप्पा असतो. औषधाच्या घडणीत थोडा चढउतार होणारच, हे मान्य करूनच ज्यांनी नियम लिहिला त्यांनी ही वाट ठेवली आहे. ७७ ची गोळी घेऊन तुम्ही खऱ्या मार्गाने जवळजवळ नक्कीच पार होणार होता. मग खोट्याची गरज कोणाला होती? अहवालात "दुसरा टप्पा" हे दोन शब्द दिसू नयेत आणि अर्धा दिवस वाचावा, एवढ्यासाठी तुमच्याकडून तुमचा शब्द मागितला जात होता. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेल्या बहुतेक खोट्या नोंदी अशाच फुटकळ सोयीसाठी झालेल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची मला अधिक भीती वाटते.

आता मार्चबद्दल. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट साहेबांची तिखट जीभ नव्हे, ट्रकही नव्हे, तर त्या दोन ओळी आहेत. जोवर त्या तशाच आहेत, तोवर साहेबांच्या हातात तुमची दोरी आहे, आणि ती तुम्हीच त्यांच्या हाती दिलेली आहे. हे कठोर वाटेल, पण तुम्हाला धीर द्यायचा म्हणून मी ते सौम्य करणार नाही. त्यांनी सांगितले हे खरे. पेन तुमच्या हातात होते हेही तितकेच खरे.

त्या ओळी दुरुस्त करा. दुरुस्त म्हणजे खोडणे किंवा व्हाइटनर लावणे नव्हे, पान बदलणे तर मुळीच नव्हे. जुनी नोंद वाचता येईल अशीच राहू द्यायची आणि तिच्या खाली आजची तारीख घालून, आजची सही करून लिहायचे की वरील दोन दिवसांची तपासणी प्रत्यक्षात झाली नव्हती आणि या नोंदी माझ्याकडून नंतर भरल्या गेल्या. मात्र लॉगबुकला हात लावण्यापूर्वी क्यूए (गुणवत्ता हमी) विभागाला लेखी कळवून डेविएशन, म्हणजे नियम मोडल्याची अधिकृत नोंद, उघडून घ्या, नाहीतर आणखी एक परस्पर केलेली नोंद एवढेच त्याचे स्वरूप होईल. क्यूए पहिला प्रश्न विचारेल तो असा की त्या दोन दिवसांत त्या बॅलन्सवर काय काय वजन केले गेले. त्याचे उत्तर तयार ठेवा. आदल्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी प्रमाणित वजने ठेवल्यावर बॅलन्सने बरोबर आकडे दाखवले असतील, तर मधल्या दोन दिवसांतील कामाविषयी वाजवी खुलासा करता येतो. दाखवले नसतील, तर त्या चाचण्यांचा पुन्हा विचार करावाच लागेल, आणि तो झालाच पाहिजे, कारण त्या वजनांवर कोणाच्या तरी घरी जाणाऱ्या गोळ्यांचा निकाल लागलेला आहे. क्यूएला द्यायच्या पत्रात साहेबांनी दिलेली सूचना जशी दिली गेली तशी लिहा, परंतु स्वतःच्या कृतीनंतर लिहा. पहिले वाक्य "मी नोंद केली" असे असू द्या, "मला सांगण्यात आले" असे नव्हे. वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवेल की नाही, हे बहुतांशी याच क्रमावर ठरते.

याची किंमत पडेल. मेमो मिळेल, कदाचित या वर्षीची वाढ थांबेल. आपली चूक आपणहून सांगणारा माणूस आणि पकडला गेलेला माणूस यांत बहुतेक कंपन्या फरक करतात, पण सगळ्या करतातच असे वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. म्हणून पत्र देण्यापूर्वी पत्नीशी नीट बोला. त्यांचा प्रश्न भित्रेपणाचा नाही, तो घर चालवणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे आणि त्याला आकड्यांतच उत्तर द्यायला हवे: हाताशी किती महिन्यांचा हप्ता आहे, तुमच्या अनुभवावर पादरा, सावली, हालोल, अंकलेश्वर या पट्ट्यात दुसरीकडे काय मिळू शकेल, हे दोघांनी मिळून कागदावर मांडा. प्रामाणिकपणाचा खर्च घरातील सगळेच भरतात, तेव्हा तो त्यांना आधी कळणे हा त्यांचा हक्क आहे.

तुमच्या वडिलांविषयी मला आदर आहे, परंतु दादाभाईंच्या दाखल्यातील एक भाग त्यांनी गाळला आहे असे नम्रपणे म्हणते. १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण झालेले दादाभाई पहिल्याच कडू शब्दाला निघून गेले नव्हते. एकीकडे महाराज आणि दुसरीकडे इंग्रज रेसिडेंट यांच्या कात्रीत राहूनही त्यांनी कारभार सुधारण्याचा प्रयत्न केला आणि मगच, १८७५ च्या आरंभी, पद सोडले. तुम्ही आज राजीनामा दिलात, तर त्या दोन ओळी तेथेच राहतील आणि तुमच्या जागी येणाऱ्या मुलापुढे तेच लॉगबुक सरकवले जाईल. आधी नोंद सरळ करा. त्यानंतरही रोज तेच मागितले जात असेल, तर अवश्य सोडा.

साहेबांशी कसे बोलावे, हे तुम्ही फोनवर दोनदा विचारलेत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक प्रसंग सांगते. पाण्याच्या नमुन्याचा पीएच मर्यादेबाहेर आला होता आणि संध्याकाळची पाळी सुरू व्हायची होती. आमच्या साहेबांनी नोंदवही उघडून त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने आपले पेन माझ्याकडे सरकवले. मी ते घेतले, त्याला टोपण लावले आणि वहीशेजारी ठेवले. "सर, आलेला आकडा मी लिहिते आणि नळ धुऊन दुसरा नमुना काढून आणते, पाऊण तास लागेल," एवढेच बोलले. माझे हात थरथरत होते, हे त्यांना दिसले असावे. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "जा, आण." त्या वर्षी विभागात सर्वांत कमी वाढ मला मिळाली, त्यानंतर मात्र त्यांनी माझ्यापुढे पेन कधी सरकवले नाही.

त्यात "खोटे" हा शब्द मी उच्चारला नव्हता. नकार त्या एका कामाला द्यावा, माणसाला देऊ नये, आणि नकाराबरोबरच काम पुढे नेणारी खरी वाट किती वेळात होईल हे सांगावे. चारचौघांत बोलू नये. केबिनमध्ये, उभ्यानेच, दोन वाक्यांत बोलावे. "मला लेखी द्या" असे ऐकवू नका, ती धमकी वाटते. त्याऐवजी आपणच छोटा मेल पाठवावा: आपल्या बोलण्यानुसार पहिल्या टप्प्याची नोंद केली असून दुसरा टप्पा साडेतीनपर्यंत पूर्ण होईल. कंपनीची कागदपत्रे घरी आणू नका; स्वतःच्या डायरीत तारीख आणि घडलेली गोष्ट तेवढी लिहून ठेवा.

आणि पाणउताऱ्याची तक्रार या पत्रात मिसळू नका. ती खरी आहे, ती एचआरकडे स्वतंत्रपणे मांडता येईल. दोन्ही एकत्र आल्या की नोंदीचा प्रश्न "या दोघांचे पटत नाही" म्हणून बाजूला पडतो. असे होताना मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

एक आठवण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये विषारी डायइथिलिन ग्लायकॉल निघाले आणि १४ रुग्ण दगावले. मी तेव्हा नोकरीत नवी होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाच्या बातम्या आम्ही लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचत असू, आणि त्यातील प्रत्येक नव्या नावाबरोबर आमच्यापैकी कोणीतरी आपल्या हातातील वहीकडे पाहत असे. तुमच्या बॅलन्सच्या दोन ओळींची त्या घटनेशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु गोळी घेणारा मनुष्य लॅबमध्ये येऊन पाहू शकत नाही. त्याच्या वतीने पाहिले असे सांगणारी खूण म्हणजे तुमची सही.

पत्र दिल्यावर मला कळवा. मसुदा आधी दाखवायचा असेल, तर मी वाचून देईन.

प्रश्न : ताई, मी अलकापुरीतील एका छोट्या कंपनीत अकाउंट्स पाहते. पुरवठादारांचे फोन आले की "चेक कालच कुरिअर केला" असे सांग, असा आमच्या शेठांचा हुकूम असतो. चेक तयारही नसतो. रोजचे हे बोलणे नकोसे झाले आहे.
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : तुम्ही फोनवर "चेक अजून निघालेला नाही, शेठांशी बोलून उद्या अकरापर्यंत कळवते" असे सांगा, आणि शेठांना आधीच नम्रपणे सांगून ठेवा की यापुढे तुम्ही हेच सांगणार आहात. शिवाय त्यांच्या हिताची एक गोष्ट कागदावर मांडून दाखवा. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या "बँक रेट"च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून अशा थकलेल्या रकमेची वजावटही प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याखेरीज मिळत नाही. कोणाचे किती दिवस झाले, याची यादी दर सोमवारी त्यांच्या टेबलावर ठेवा. आणि अकराची वेळ दिली असेल, तर उत्तर काहीही असो, अकराला फोन तुम्हीच करा.