उंच विंडस्क्रीन लावूनही हेल्मेट का थरथरतं?

पांढरकवडा–नागपूर हायवेवर बाईक ताशी ८० किमीच्या पुढे गेली की डोकं हलतं, पुढे मोठी काच (विंडस्क्रीन) लावूनही फरक नाही, असं तुम्ही विचारलंय. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरे घेत नेमका हेल्मेटवर आदळतोय. काचेमागे हवेचा दाब कमी होतो, त्याने हे भोवरे आणखी आत ओढले जातात.

नवी काच घ्यायच्या आधी एवढं करा. मोकळा रस्ता बघून थोडं खाली वाका. वाकल्यावर शांत वाटलं तर काच वर घ्या किंवा तिचा कोन बदला. उलट पायदानावर किंचित उठल्यावर शांत वाटलं, तर तुम्हाला छोटी काच हवी; बऱ्याच जणांचं तसंच निघतं. काचेखाली दोन बोटं फट ठेवा, खालून हवा शिरली की दाब सावरतो. माझं ऐकाल तर उंच काचेऐवजी वर चिमट्याने बसणारा, हलवता येणारा डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारी छोटी पट्टी, घ्या.

नजर काचेच्या वरून गेली पाहिजे. चरे पडलेल्या काचेतून रात्री समोरच्या ट्रकचा उजेड फुटतो आणि बैलगाडी दिसतच नाही. म्हणून धूळ आधी पाण्याने धुवा, कोरडं फडकं नको, पेट्रोल तर अजिबात नको.